स्वसंरक्षण : शब्द कोणाचा आणि हक्क कोणाचा?

(ओमती, जबलपूर येथे मराठीभाषक कामगार-कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)



आजच्या वर्गासाठी 'स्वसंरक्षण' हा विषय आपण मुद्दाम निवडला आहे. हा शब्द सध्या सर्वांच्याच तोंडी आहे. गोळीबार झाला की पोलिसांच्या पत्रकात 'स्वसंरक्षणार्थ' हा शब्द ठरलेला असतो. एखादे बलाढ्य राष्ट्र दुसऱ्या देशावर बाँब टाकते तेही स्वसंरक्षणासाठीच. सणासुदीच्या तोंडावर मोहल्ल्यामोहल्ल्यांतून मोबाइलवर संदेश फिरतात, 'सावध राहा, घरात काही तरी ठेवा'. त्यांनाही हाच शब्द जोडलेला असतो. आणि मार खाणाऱ्या शेतमजुराने किंवा आदिवासी बाईने हात उचलला, तर मात्र त्याला 'कायदा हातात घेणे' म्हणतात. एकच शब्द, पण कोण उच्चारतो यावर त्याचा अर्थ बदलतो. तेव्हा या शब्दाचा नेमका अर्थ काय, त्याची माप-तोल काय आणि कष्टकरी वर्गाने तो कसा वापरावा, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

कायदा काय म्हणतो?

प्रथम कायद्याकडे वळू. १८६० च्या भारतीय दंडविधानात कलम ९६ ते १०६ ही या हक्काची कलमे होती. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हीच तत्त्वे कलम ३४ ते ४४ मध्ये जवळजवळ तशीच ठेवलेली आहेत. कायद्याचा शब्द 'खाजगी संरक्षणाचा हक्क' असा आहे. त्यात 'स्व' म्हणजे केवळ आपला देह नव्हे. स्वतःच्या तसेच दुसऱ्या कोणाच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. शेजारणीवर कोणी कुऱ्हाड उगारली, तर तिची जात वा धर्म न विचारता मध्ये पडण्याचा हक्क कायदा तुम्हाला देतो. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

या हक्काला चार मर्यादा आहेत. पहिली, हल्ला प्रत्यक्ष चालू असला पाहिजे किंवा त्याची वाजवी भीती समोर उभी असली पाहिजे. काल झालेल्या वा उद्या होईल अशा हल्ल्याच्या नावाने आज वार करता येत नाही. दुसरी, भीती संपली की हक्कही संपतो. पळणाऱ्याच्या पाठीत मारलेला सुरा हे संरक्षण नव्हे. तिसरी, सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास वेळ असेल, तर हा हक्क उरत नाही. चौथी, बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. मात्र हे माप फार बारीक काट्याने मोजावयाचे नसते. २०१० साली दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हल्ला झालेल्या माणसाने भ्याडासारखे पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही आणि त्या क्षणी त्याने वापरलेले बळ सोन्याच्या तराजूत तोलता येणार नाही.

ही तत्त्वे वाजवी आहेत. परंतु त्यांचा जन्म कोणत्या राज्यात झाला, हेही विसरू नये. १८३७ साली मेकॉलेच्या आयोगाने दंडविधानाचा मसुदा केला. हिंदुस्थानातील माणसे अन्याय मुकाट्याने सोसतात, त्यांच्यात प्रतिकाराची वृत्ती जागी व्हावी, म्हणून या हक्कावर फार बंधने नकोत, असा विचार त्या मसुद्याच्या टिपणांत मांडलेला आहे. तो मसुदा कायदा झाल्यावर अठरा वर्षांनी, १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्र कायदा आणला. परवान्याविना हत्यार बाळगणे हिंदी माणसाला गुन्हा ठरले आणि गोऱ्यांना त्यातून सूट मिळाली. पुस्तकात हक्क सर्वांना आणि हत्यार मात्र एकाच बाजूला, अशी ही व्यवस्था होती.

आणखी एक कलम पाहा. जुन्या संहितेचे ९९ आणि नव्या संहितेचे ३७. सरकारी नोकराने आपल्या पदाच्या अधिकारात सद्भावनेने केलेल्या कृतीविरुद्ध, ती कृती कायद्याला काटेकोरपणे धरून नसली तरी, हा हक्क मिळत नाही. मृत्यूची वा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तेवढाच अपवाद. संपाच्या फाटकावर लाठी खाल्लेल्या कामगाराला या कलमाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तेव्हा हक्क कायद्यात असणे ही एक गोष्ट आणि तो वापरण्याची शक्ती असणे ही दुसरी.

या शहराचा अनुभव

आता आपल्या जबलपूरकडे येऊ. १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होते आणि इथल्या मराठी वस्तीची मुळे त्या काळात आहेत. पण आज मी आठवण करून देतो ती फेब्रुवारी १९६१ ची. फाळणीच्या काळातील कत्तलींनंतर स्वतंत्र भारतात झालेली पहिली मोठी जातीय दंगल याच शहरात झाली. पन्नासाहून अधिक माणसे मारली गेली. आग सागर, दमोह, नरसिंगपूरपर्यंत पसरली. कैलासनाथ काटजू तेव्हा मुख्यमंत्री होते.

निमित्त एका विद्यार्थिनीवरील अत्याचाराचे आणि तिच्या आत्महत्येचे होते. तो गुन्हा होता आणि त्याची जागा न्यायालयात होती. परंतु आरोपींपैकी एक बिडी कारखानदाराच्या घरातील मुसलमान तरुण होता. बिडीच्या धंद्यात हिंदू आणि मुसलमान कारखानदारांची स्पर्धा होती आणि दंगलीमागे या स्पर्धेचाही हात होता, हे अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. गुन्ह्याची बातमी वर्तमानपत्रांतून अशा रीतीने आली, की एका आरोपीच्या जागी एक सबंध जमात उभी राहिली. आमच्या लेकीबाळींचे रक्षण, आमच्या धर्माचे रक्षण, अशी भाषा सुरू झाली.

आता मघाची चार मापे लावून पाहा. ज्यांची घरे जळाली, त्यांनी कोणावर हल्ला केला होता? कोणता धोका त्या क्षणी दारात उभा होता? पोलीस, न्यायालय, सरकार हे सारे याच शहरात नव्हते काय? आणि एका गुन्ह्याच्या बदल्यात पन्नास माणसांचा जीव हे कोणत्या तराजूचे माप? एकही माप लागू पडत नाही. म्हणजे जे घडले ते स्वसंरक्षण नव्हते. ती स्वसंरक्षणाच्या भाषेत केलेली चढाई होती. सरळ हल्ला करावयाचा असेल तर दहातले नऊ लोक सामील होत नाहीत. त्यांना आधी पटवावे लागते की हल्ला तुमच्यावर होत आहे. दंगलीची पहिली तयारी दगडांची नसते, ती या समजुतीची असते.

आणि त्यात होरपळले कोण? तेंदूपत्ता कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून दिवसाकाठी हजार बिड्या वळणारी बाई हिंदू असो की मुसलमान, तिचे पोट त्या दिवसाच्या मजुरीवर होते. संचारबंदी लागली की तिची चूल थंड. बिडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला तो पुढे १९६६ साली. तोपर्यंत त्या बाईची सूपभर पाने आणि मजुरी दोन्ही ठेकेदाराच्या मर्जीवर होती. तिच्या या रोजच्या लुटीपासून तिचे 'संरक्षण' करावयास मात्र त्या धर्मरक्षकांपैकी कोणी पुढे आल्याचे ऐकिवात नाही.

त्या दंगलीने देशाला हादरा बसला. त्याच वर्षी धर्माधर्मांत वैर पसरविण्याविरुद्धचे कलम १५३-अ कडक करण्यात आले आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय एकात्मता परिषदेची स्थापना झाली. कायदे झाले, परिषदा झाल्या. पण 'हल्ला तुमच्यावर होत आहे' ही समजूत पसरविणारे हात तसेच राहिले. मुंबईत जानेवारी १९९३ मध्ये याच समजुतीवर गल्ल्या पेटविण्यात आल्या. श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मृतांची संख्या ९०० नोंदविली आहे.

वरून येणारे 'स्वसंरक्षण'

जमीनदार आणि सरकार हा शब्द कसा वापरतात, याचे उदाहरण महाराष्ट्रातील आपल्या चळवळीच्या इतिहासातच आहे. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध किसान सभेच्या लाल बावट्याखाली उभे राहिले. ऑक्टोबर महिन्यात जमीनदारांच्या माणसांनी रानोमाळ निरोप फिरविला, की गोदावरीबाई परुळेकरांच्या जिवाला धोका आहे, तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी तलवाडा येथे जमा व्हा. हजारो वारली लाठ्याकाठ्या घेऊन आले. इकडे त्याच जमीनदारांनी अधिकाऱ्यांना कळविले, की आदिवासी हत्यारे घेऊन आमच्यावर चालून आले आहेत. गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ही हकिकत सांगितली आहे.

या घटनेत दोन्ही बाजूंनी रक्षणाचाच शब्द वापरला गेला, हे लक्षात घ्या. वारली आपल्या नेत्याच्या रक्षणासाठी आले होते आणि त्यांनी कोणावर हात उचलला नव्हता. जमीनदारांनी संरक्षण मागितले ते मालमत्तेचे आणि वेठीच्या हक्काचे. राज्यसंस्थेने क्षणाचाही विलंब न लावता कोणाचा शब्द खरा मानला, हे पाच प्रेतांनी सांगितले.

स्वतंत्र भारतातही हे थांबले नाही. २००० सालापर्यंत आपल्याच राज्याचा भाग असलेल्या बस्तरमध्ये २००५ साली 'सलवा जुडूम' सुरू झाले. गावकरी स्वतःच आपल्या रक्षणासाठी उभे राहिले आहेत, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून, तुटपुंज्या मानधनावर त्यांच्या हाती बंदुका देण्यात आल्या. गावेच्या गावे ओस पडली आणि माणसे छावण्यांत गेली. माओवाद्यांच्या मार्गाशी आपले मतभेद उघड आणि मूलभूत आहेत. निरपराध आदिवासी त्यांच्याही हातून मारले गेले आहेत. पण म्हणून आदिवासीला आदिवासीवर सोडणे हे संरक्षण ठरत नाही. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरविली आणि दिलेली शस्त्रे परत घेण्याचा आदेश दिला. नागरिकांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे. ते गरिबातल्या गरिबाच्या खांद्यावर ठेवून मोकळे होता येत नाही.

पोलिसांच्या चकमकींबाबतही हेच. सामान्य माणसाने स्वसंरक्षणाचा दावा केला, तर तो त्याला न्यायालयात उभा करावा लागतो. पोलिसांचा दावा मात्र वर्षानुवर्षे पत्रकातच सिद्ध होत आला. २३ सप्टेंबर २०१४ रोजी पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नोंदविणे, स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी बंधनकारक केली. हे नियम किती पाळले जातात, हे पाहण्याचे काम लोकशाही चळवळीचे आहे.

दुर्बलाकडून मागितलेला पुरावा

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. दुर्बलाला हा हक्क नाकारला जातोच, शिवाय उलट त्याच्याकडून प्रतिकाराचा पुरावा मागितला जातो. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. हाच 'मथुरा खटला'. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडून दिले. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, ती ओरडली नाही, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता. ठाणे पोलिसांचे, रात्रीची वेळ, मुलगी अनाथ आणि मजुरी करणारी. तिने कोणाकडे आणि कशी धाव घ्यावी? १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीची संमती नव्हती असे तिने सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, ही तरतूद त्या लढ्याची कमाई आहे. जी एकटी ठाण्यात स्वतःचे रक्षण करू शकली नाही, तिच्यासारख्या असंख्य जणींचे रक्षण संघटित चळवळीने केले.

अमेरिकेतील उदाहरणही बोलके आहे. १९६६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे काळ्या तरुणांनी जो पक्ष काढला, त्याचे मूळ नावच 'स्वसंरक्षणासाठी ब्लॅक पँथर पक्ष' असे होते. आपल्याकडे १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते तेथूनच. ते तरुण कायद्याने मुभा असलेली बंदूक उघडपणे बाळगून पोलिसांच्या वागण्यावर लक्ष ठेवीत. १९६७ सालीच गव्हर्नर रेगन यांच्या सहीने कायदा बदलला आणि भरलेली बंदूक सार्वजनिक जागी बाळगण्यास बंदी आली. जो हक्क गोऱ्यांनी वापरला तोवर स्वातंत्र्य होता, तो काळ्यांनी वापरताच धोका ठरला.

राष्ट्रांच्या व्यवहारात

जे व्यक्तींचे तेच राष्ट्रांचे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९४५ च्या सनदेचे कलम ५१ सशस्त्र हल्ला झालेल्या राष्ट्राला स्वसंरक्षणाचा हक्क देते, तोही सुरक्षा मंडळ उपाय योजीपर्यंत. साम्राज्यवादाने हे कलम रबरासारखे ताणले. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात आपल्या नौकांवर दुसऱ्यांदा हल्ला झाल्याचे अमेरिकेने सांगितले आणि व्हिएतनामवर युद्ध लादले. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे उघड झाले. निकाराग्वाविरुद्धच्या कारवायांना अमेरिकेने सामूहिक स्वसंरक्षण म्हटले, तेव्हा २७ जून १९८६ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो दावा फेटाळला. अमेरिकेने निकाल मानला नाही. पॅलेस्टाईनच्या व्याप्त भूमीवर इस्राएलने उभारलेल्या भिंतीबाबत ९ जुलै २००४ च्या मतात त्याच न्यायालयाने सांगितले, की तेथे कलम ५१ लागू पडत नाही. धोका ज्या प्रदेशातून येतो म्हणतात, तो इस्राएलच्याच ताब्यात आहे. दुसऱ्याच्या घरात शिरून बसलेल्याने घरमालकापासून स्वसंरक्षणाचा दावा करावा, त्यातला हा प्रकार.

आपले काम

साथींनो, मग कष्टकऱ्यांनी काय करावे? हा शब्द शत्रूने बिघडविला म्हणून टाकून द्यावा काय? मुळीच नाही. मार खात राहणे हा काही सद्गुण नव्हे आणि आपल्या चळवळीने तो कधी शिकविला नाही. पण शब्द परत घ्यावयाचा तर त्याच्या मर्यादांसकट घेतला पाहिजे. आपल्या मोर्चावर गुंड चालून आले तर एकमेकांचे रक्षण करणे हा आपला हक्क आहे. ते पळाल्यावर त्यांच्या वस्तीत शिरणे हा नव्हे. आपल्या माणसाने ही रेषा ओलांडली, तर ते आपणच प्रथम बोलले पाहिजे. नाही तर दुसऱ्यांना शिकविण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

दुसरे, एकट्याने घरात लपविलेले हत्यार हे गरिबाचे संरक्षण नव्हे. प्रत्येक घरात एक एक भीती आणि एक एक सुरा अशी वस्ती सर्वांत असुरक्षित असते. भिवंडीचे उदाहरण घ्या. ते यंत्रमागांचे गाव १९७० आणि १९८४ साली दंगलीत जळाले. १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने तेथे मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही धर्मांची माणसे गल्लीगल्लीत एकत्र बसू लागली, अफवा तेथल्या तेथे तपासू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जवळची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. एका अधिकाऱ्याला जे साधते, ते कामगार संघटनेला का साधू नये? अधिकारी बदलून जातो, संघटना वस्तीतच राहते.

तिसरे, हे शहर संरक्षणाच्या कारखान्यांचे आहे. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची आयुध निर्माणी, १९६९ ची वाहन निर्माणी. या कारखान्यांत एकाच यंत्रावर पाळी बदलताना सुलेमान आणि शंकर एकमेकांच्या हाती किल्ल्या देतात. २०२१ साली सरकारने देशातील ४१ आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या केल्या आणि कामगारांनी विरोध करू नये म्हणून 'अत्यावश्यक संरक्षण सेवा' कायदा करून संपावर बंदी घातली. म्हणजे देशाच्या संरक्षणाचे नाव घेऊन कामगाराच्या हातचे एकमेव संरक्षण काढून घेतले. संप हा दंडसंहितेतील खाजगी संरक्षणाचा हक्क नव्हे, हे खरे. पण ज्याच्याजवळ श्रमाखेरीज काही नाही, त्याने भाकरीवरील हल्ल्याविरुद्ध श्रम रोखून धरणे, याहून मोजकी आणि रक्त न सांडणारी बचावाची रीत दुसरी कोणती?

या शहराला १९६१ चा वारसा आहे तसाच १९४६ चाही आहे. २७ फेब्रुवारी १९४६ रोजी येथील सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील हजाराहून अधिक हिंदी जवान, धर्म न पाहता, भेदभावाच्या वागणुकीविरुद्ध शांतपणे बराकींबाहेर पडले. ब्रिटिशांनी संगिनींच्या जोरावर तो उठाव मोडला. पण त्या दिवशी कोणी कोणापासून रक्षण करावयाचे, याबद्दल त्या जवानांच्या मनात गोंधळ नव्हता.

म्हणून पुढच्या वेळी ओमतीत, घमापूरमध्ये किंवा रांझीत कोणी 'स्वसंरक्षणासाठी तयार राहा' असा निरोप घेऊन आला, तर त्याला चार प्रश्न विचारा. हल्ला कोणी केला? तो आता, या क्षणी चालू आहे काय? पोलिसांकडे आणि शेजाऱ्यांकडे जाण्यास वेळ आहे की नाही? आणि तू जे करावयास सांगतोस त्याने बचाव होतो की नवा बळी पडतो? उत्तरे मिळाली नाहीत, तर त्याच्याबरोबर जाऊ नका. उलट शेजारच्या घराची कडी वाजवा, मग ते कोणत्याही धर्माचे असो. दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क कायद्याने आपल्याला दिलेलाच आहे. तो बजावण्याचे बळ युनियनच्या आणि वस्तीच्या एकजुटीने आपण मिळविले पाहिजे. त्या कामाला आजपासून लागू या.